द्रुतलयीचा खेळिया

१

"हिकारू नाकामुरा हा खेळाडू आहे की खेळिया?" असा सवाल आमच्या नेहमीच्या बैठकीत एका जुन्या बुद्धिबळप्रेमी स्नेह्यांनी टाकला, तेव्हा त्यांच्या स्वरात जिज्ञासेपेक्षा तुच्छताच अधिक होती. हे गृहस्थ गेली चाळीस वर्षे पटावर बसत आले आहेत. लाकडी मोहरी, दोन माणसे, मध्ये घड्याळ आणि भोवती शांतता एवढे जमले म्हणजे बुद्धिबळ, अशी त्यांची व्याख्या आहे. पडद्यावर मिनिटभरात उरकायचा आणि वर हजारो प्रेक्षकांशी गप्पा मारीत खेळायचा तो डाव म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ हातचलाखी. बैठकीतल्या तरुण मंडळींना अर्थातच हे मानवले नाही. "काका, तुमच्या शांत खेळाडूंपैकी निम्म्यांना तो बसल्या बसल्या हरवील," असे एकाने सुनावले आणि वाद तिथेच संपला. म्हणजे वाद संपला, प्रश्न उरला.

तो प्रश्न मला तेव्हापासून सोडीत नाही. कारण त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला असा की, वेगाने केलेल्या कृतीला कलेचे मोल येऊ शकते काय? आणि दुसरा असा की, वेगाची सवय जडलेला हात सावकाशीच्या कामाला निकामी होतो काय? पहिल्याचे उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच देऊन झाले आहे. ज्या समाजाने तमाशातले सवालजवाब ऐकले आणि द्रुत ख्यालातल्या तानांना दाद दिली, त्याला वेगाचे सौंदर्य नव्याने पटवायला नको. दुसरे उत्तर मात्र सोपे नाही, आणि ते केवळ बुद्धिबळापुरतेही नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. वाङ्मयीन नियतकालिकात पटावरच्या डावांची चिकित्सा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी शेवटपर्यंत थोडा धीर धरावा, एवढीच विनंती आहे.

प्रथम माणसाची ओळख. नाकामुराचा जन्म १९८७ साली जपानमध्ये झाला. वडील जपानी, आई अमेरिकन. दोन वर्षांचा असताना तो अमेरिकेत आला. त्याचे सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे, बुद्धिबळाचे नामांकित शिक्षक. २००३ साली, पंधरा वर्षांचा असताना, तो ग्रँडमास्टर झाला आणि बॉबी फिशरचा जुना अमेरिकन विक्रम त्याने काही महिन्यांनी मोडला. पुढे पाच वेळा तो अमेरिकेचा विजेता झाला. २०११ साली वाइक आन झे येथील स्पर्धेत कार्लसन, आनंद, अरोनियन आणि क्रामनिक या चौघांनाही मागे टाकून त्याने पहिला क्रमांक मिळविला. २०१५ च्या ऑक्टोबरात त्याचे मानांकन २८१६ पर्यंत चढले. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या व्याख्येतल्या पटावरही हा मनुष्य उपरा नाही. पण त्याची जगभरची कीर्ती आहे ती या पटामुळे नव्हे. ती आहे पडद्यावरच्या तीन मिनिटांच्या आणि एका मिनिटाच्या डावांमुळे. इंटरनेटवरील झटपट डावांत त्याचे गुण ३३०० च्या वर गेलेले आहेत. चेस डॉट कॉमची अतिजलद डावांची मोठी स्पर्धा त्याने २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे जिंकली. आणि २००९ साली एका मिनिटाच्या डावांवर त्याने ब्रूस हार्पर यांच्यासह चक्क एक पुस्तकही लिहिले. एका मिनिटात संपणाऱ्या गोष्टीवर अख्खा ग्रंथ! या एका गोष्टीतच त्याचा स्वभाव आला.

२

त्याच्या शैलीचे पहिले लक्षण डोळ्यांत भरते ते असे की, त्याला घाट सुचत नाही, घाव सुचतो. २००७ साली बार्सिलोना येथे पोलंडच्या क्रासेंकोव्हविरुद्ध तो काळी मोहरी घेऊन खेळत होता. एकविसाव्या खेळीला त्याने आपला वजीर पांढऱ्या राजाशेजारच्या प्याद्यावर घातला. प्यादे मिळाले, शह बसला आणि वजीर गेला. राजाने तो घेतला, आणि मग त्या राजाला घरी परतायला वाटच उरली नाही. उंटाचा शह, हत्तीचा शह, घोड्याचा शह, पुन्हा हत्तीचा शह. पांढरा राजा आपला किल्ला सोडून भर पटावर, शत्रूच्या गोटाशेजारी, कडेच्या घरापर्यंत हाकलीत नेला गेला. आणि वजीर दिल्यापासून आठ खेळ्यांत डाव संपला. हा डाव सावकाशीच्या घड्याळावरचा आहे, मिनिटभराचा नव्हे. तरी त्यातली दृष्टी झटपट डावातलीच आहे. एकेका फांदीचा हिशेब करीत कोणी या वजिराच्या दानापर्यंत पोचत नाही. राजाभोवतीची घरे रिकामी आहेत, आपली मोहरी त्या घरांकडे तोंड करून उभी आहेत, एवढे आधी दिसते. हिशेब मागाहून येतो आणि दिसलेल्याला फक्त मान डोलावतो.

ही दृष्टी म्हणजे काय, याचा शोध डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट याने १९४० च्या दशकातच घेतला होता. थोर खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा फार पुढच्या खेळ्या मोजतो, ही आपली समजूत त्याने डळमळीत केली. थोर खेळाडूला योग्य खेळी प्रथमदर्शनीच दिसू लागते, हे त्याला आढळले. पुढे १९७३ साली चेस आणि सायमन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, खऱ्या डावातली स्थिती काही क्षण पाहून उस्ताद ती जवळजवळ जशीच्या तशी मांडतो. पण तीच मोहरी अस्ताव्यस्त मांडून दाखविली तर उस्तादाची स्मृती नवशिक्यापेक्षा फारशी सरस ठरत नाही. म्हणजे ही स्मृती मोहऱ्यांची नव्हे, संबंधांची आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे सांगितली. पटावरचा उस्ताद मोहऱ्यांतले नेमके असेच काही संबंध एका दृष्टिक्षेपात वाचतो, असे म्हटले तर ते वावगे होऊ नये. हजारो डाव मिनिटामिनिटाने खेळलेल्या नाकामुराकडे अशा संबंधांचा साठा किती अफाट असेल, याची नुसती कल्पनाच करावी.

दुसरे लक्षण खोडकरपणाचे. २००५ साली भारताच्या शशिकिरणविरुद्ध एका गंभीर स्पर्धेत त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले आणि दुसऱ्याच खेळीला वजीर बाहेर काढून एच-५ वर नेऊन ठेवला. नवशिकी मुले चार खेळ्यांत मात करण्याच्या आशेने खेळतात ती ही चाल. ग्रँडमास्टरने ग्रँडमास्टरसमोर ती खेळावी, हा शिष्टाचाराचा भंगच होता. तो डाव तो हरला. पण त्याला काय सिद्ध करायचे होते ते कळण्यासारखे आहे. पुस्तकात जिला हसतात ती चाल खरोखर कितीशी वाईट आहे, हे पुस्तकाबाहेर येऊन पाहण्याची त्याची तयारी होती.

याच वृत्तीचा कळस म्हणजे २००८ सालचा रिबका या संगणकाविरुद्धचा तीन मिनिटांचा डाव. रिबका त्या काळचा सर्वांत बलाढ्य बुद्धिबळ-कार्यक्रम. त्याच्याशी हिशेबात बरोबरी करणे मनुष्यमात्राला अशक्य. म्हणून नाकामुराने हिशेबच होऊ दिला नाही. प्याद्यांची भिंत दोन्ही बाजूंनी अशी गच्च बांधली की कोणाला कुठे शिरता येऊ नये, आणि मग तो नुसती मोहरी मागेपुढे करीत बसला. पन्नास खेळ्यांत प्यादे हलले नाही वा मोहरे मारले गेले नाही तर डाव बरोबरीत सुटतो, असा नियम आहे. संगणकाच्या हिशेबात त्याची बाजू वरचढ होती, म्हणून बरोबरी टाळण्यासाठी त्याने आपणहून भिंत फोडली आणि स्वतःचा घात करून घेतला. डाव अडीचशेहून अधिक खेळ्या चालला. शेवटी पलीकडे पोचलेल्या प्याद्यांचे वजीर करून घेण्याऐवजी नाकामुराने उंटच उंट करून घेतले! याला कोणी उद्धटपणा म्हणेल. मला त्यात विनोदाची जातिवंत जाण दिसते. प्रतिपक्षाचे बळ नव्हे तर स्वभाव ओळखायचा आणि त्याच्या स्वभावानेच त्याला पाडायचे, हे सोंगाड्याचे जुने कसब आहे. या अर्थाने नाकामुरा खेळिया आहे खराच, आणि तसे म्हणण्यात त्याचा यत्किंचितही अपमान नाही.

३

येथवर गुणवर्णन झाले. परंतु समीक्षेने कलावंताच्या विजयांपाशीच थांबायचे नसते. त्याच्या पराभवांचीही एक शैली असते, आणि पुष्कळदा ती विजयांपेक्षा अधिक खरे बोलते.

एक साधा हिशेब मांडू. एका मिनिटाच्या डावात चाळीस खेळ्या करायच्या तर खेळीमागे दीड सेकंद मिळतो. कँडिडेट्ससारख्या श्रेष्ठ स्पर्धेत पहिल्या ४० खेळ्यांना दोन तास असतात, म्हणजे खेळीमागे तीन मिनिटे. अंतर एकशेवीस पटींचे झाले. दीड सेकंदात जी खेळी सुचते ती 'चांगली' असली की पुरते, कारण ती खोडून काढायला समोरच्याकडेही दीडच सेकंद असतो. तीन मिनिटांत मात्र 'चांगली' पुरत नाही. समोरचा तिचे उत्तर शोधून काढतो. द्रुत लयीत जी जागा तानेने भरून निघते, ती विलंबितात उघडी पडते. तिथे स्वर लावून धरावा लागतो.

नाकामुराच्या कारकीर्दीतली दोन दुःखे या उघड्या जागेची आहेत. पहिले २०१४ सालचे, झुरिकचे. समोर मॅग्नस कार्लसन, काही महिन्यांपूर्वीच जगज्जेता झालेला. काळी मोहरी घेतलेल्या नाकामुराने त्याच्या राजावर असा हल्ला चढविला की विजय हाताच्या अंतरावर आला होता. आणि तिथून तो डाव हरला. घाव घालायची सवय असलेल्या हाताला त्या क्षणी घाव नको होता. एक शांत, दार लावून घेणारी खेळी हवी होती. कार्लसनविरुद्ध सावकाशीच्या डावात एकही विजय नसण्याची त्याची ही व्यथा पुढे २०१६ साली बिल्बाओ येथेच फिटली. तोवर पराभवांची रास साचली होती.

दुसरे दुःख अधिक गहिरे आहे. २०२२ च्या जुलैत माद्रिद येथील कँडिडेट्स स्पर्धेची शेवटची फेरी होती. नेपोम्नियाची पहिला आलेला होता; दुसऱ्या जागेसाठी नाकामुरा अर्ध्या गुणाने पुढे होता आणि गाठ होती चीनच्या डिंग लिरेनशी. नाकामुराला केवळ बरोबरी पुरत होती. तो हरला. एरवी दुसऱ्या क्रमांकाला काय किंमत, असे कोणी म्हणेल. पण पुढे त्याच महिन्यात कार्लसनने जगज्जेतेपद राखण्यासाठी खेळणार नाही असे जाहीर केले आणि दुसऱ्या जागेला सिंहासनाचा रस्ता फुटला. २०२३ च्या एप्रिलमध्ये अस्ताना येथे जगज्जेता झाला तो डिंग लिरेन. एका बरोबरीच्या अंतरावर हे सारे उभे होते! ज्याने आयुष्यभर हरलेले डाव वाचवून दाखविले, प्रतिपक्षाच्या घड्याळातले शेवटचे सेकंद ज्याला घरच्यासारखे, त्याला त्या एका दिवशी नुसते स्वस्थ बसून राहणे जमले नाही.

आमचे स्नेही हे ऐकून म्हणतील, "पाहिलेत? सांगत होतो ना!" त्यांनी इतक्यात टाळी मागू नये.

४

कारण माद्रिदचा नाकामुरा तिथवर पोचला कसा, हेही सांगितले पाहिजे. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तो सावकाशीचे डाव जवळजवळ खेळलाच नव्हता. साथीच्या त्या काळात जग घरात कोंडले गेले आणि नाकामुरा पडद्यावरचा निवेदक झाला: स्वतः खेळायचे, खेळता खेळता बोलायचे, लोकांना हसवायचे. याच काळात कार्लसनबरोबर त्याचा इंटरनेटवरील स्पर्धेचा अंतिम सामना सात दिवसांच्या झुंजीनंतर अखेरच्या निर्णायक डावापर्यंत गेला. आता हा गडी खऱ्या पटाला मुकला, असे जाणते लोक मानू लागले होते. आणि २०२२ च्या आरंभी खास निमंत्रणाने बोलावल्यावर तो आला, बर्लिनची स्पर्धा जिंकला, ग्रां प्री मालिकेत पहिला आला आणि कँडिडेट्सला पात्र ठरला. २०२३ साली नॉर्वेतील स्पर्धा त्याने जिंकली. २०२५ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षाकडे झुकत असताना, त्याचे मानांकन पुन्हा २८०० च्या वर होते. द्रुतलयीने हात नासतो हा सिद्धांत खरा असता, तर हे घडते ना.

मग घडले काय? मला असे दिसते की, पडद्याने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक, निर्भयता. पोटापाण्याचा प्रश्न पटावरच्या निकालावर अवलंबून उरला नाही, तेव्हा निकालाची भीती गेली. आपण आता हौसेने खेळतो, असे तो जाहीरपणे सांगू लागला. भीती गेली तशी शैलीही निवळली. तरुणपणी काळ्या मोहऱ्यांनी तो 'किंग्ज इंडियन'सारखे धगधगते बचाव खेळे. वजिराच्या बाजूचे घर जळत असले तरी तिकडे न पाहता राजावर चाल करून जाई. २०१० साली तुर्कस्तानात गेलफांडविरुद्धचा त्याचा गाजलेला विजय याच जातीचा. उत्तरकाळातला नाकामुरा घर जळू देत नाही. भक्कम आरंभ निवडतो, हरत नाही, आणि समोरचा चुकेपर्यंत थांबतो. खेळियाने थांबायला शिकावे, ही त्याच्या कलेतली सर्वांत मोठी घडामोड आहे.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची, आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिलेले मला आढळले नाही. पडद्यावर खेळताना तो आपला विचार मोठ्याने बोलतो. "मी इथे घोडा आणला तर तो प्यादे पुढे ढकलील, मग मला उंट हलवावा लागेल, ते नको." वर्षानुवर्षे, दररोज, तासन् तास आपला विचार शब्दांत मांडणारा दुसरा थोर खेळाडू बुद्धिबळाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. जे हाताला ठाऊक होते ते त्याला जिभेला शिकवावे लागले. ज्ञान शब्दांत आले की त्याची परीक्षा करता येते, हा अनुभव प्रत्येक लेखकाला आहे.

आणि तरी दोष गेला म्हणावे तर तसेही नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरंटो येथील कँडिडेट्समध्ये नाशिकच्या विदित गुजराथीने त्याला दोनदा हरविले. दीर्घकाळ अपराजित असलेल्या नाकामुराची मालिका दुसऱ्याच फेरीत तुटली. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या विदितने आरंभीच आपला उंट एच-३ वरच्या प्याद्यावर टाकला. घरी बसून, शांतपणे तयार करून आणलेला हा घाव. जो जगाला घड्याळाच्या धाकात ठेवतो, त्यालाच घड्याळासमोर डोके धरून बसावे लागले. पुढे नवव्या फेरीत विदितने पांढऱ्या मोहऱ्यांनी पुन्हा जिंकून दाखविले. नाकामुराने त्या स्पर्धेत साडेआठ गुण मिळविले. नऊ गुणांनी पहिला आला गुकेश, जो त्याच वर्षी पुढे जगज्जेता झाला. नाकामुरा त्या स्पर्धेत हरला तो फक्त विदितकडून. एका मराठी मुलुखातल्या तरुणाने जगज्जेतेपदाच्या शर्यतीचे पारडे असे झुकवावे, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण अभिमानापेक्षा शिकण्यासारखे जे आहे ते निराळेच. विदितही पडद्याचा परका नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत त्यानेही इंटरनेटवरून खेळत, हसवत हजारो लोकांना या खेळाची गोडी लावली होती. म्हणजे टोरंटोतली ती लढाई पट विरुद्ध पडदा अशी नव्हतीच. दोघेही द्रुतातले जाणकार. त्या दिवशी विलंबिताचा रियाज ज्याचा ताजा, तो जिंकला.

५

आता थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. ते टाळले तर हा लेख अप्रामाणिक होईल.

प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे रात्री जेवणानंतर फोनवर बुद्धिबळ खेळत आला आहे. प्रथम दहा मिनिटांचे डाव, मग तीन मिनिटांचे, मग एका मिनिटाचे. हरलो की सूड म्हणून आणखी एक. जिंकलो की नशीब जोरात आहे म्हणून आणखी एक. घरच्या माणसांनी हाक मारली तर "हा शेवटचा" असे उत्तर. या काळात माझे गुण रतिभरही वाढले नाहीत, याचे मला फारसे दुःख नाही. दुःख निराळे आहे. एकदा परीक्षणासाठी आलेला नव्या कवीचा संग्रह मी हातात घेतला आणि माझ्या लक्षात आले की मी कविता वाचीत नसून 'ओळखीत' आहे. पहिल्या चार ओळींत हा कोणाच्या वळणाचा ते दिसले, मनात निकाल तयार झाला आणि बोटाने पान उलटले. दीड सेकंदाची खेळी! संग्रह मिटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच संग्रह सावकाश, ओठ हलवीत वाचला, तेव्हा अकराव्या कवितेत या कवीचा स्वतःचा सूर स्पष्ट ऐकू आला. आदल्या रात्री मी त्या कवीवर अन्यायच करायला निघालो होतो. आम्हा समीक्षकांची ही व्याधी जुनी आहे. पडद्याने ती फक्त वाढविली. दिवाळी अंकांच्या गर्दीत किती लेखकांचे डाव आपण असे मिनिटभरात निकाली काढले असतील!

म्हणून सुधारणेचा विचार मांडतो तो गुरूच्या भूमिकेवरून नव्हे, सहव्याधिताच्या.

नाकामुराचे अनुकरण करू पाहणारी तरुण मुले त्याचा हात उचलतात. हात उचलता येत नाही. त्या हातामागे बाळपणापासूनचे लक्षावधी डाव आहेत. उचलण्यासारखी आहे त्याची जीभ. दहा-पंधरा मिनिटांचा एक डाव घ्यावा, शक्य तर प्रत्येक खेळीला काही सेकंद अधिक मिळतील असा, आणि स्वतःशी बोलत खेळावा. समोरच्याने ही खेळी का केली? त्याने आता कुठले शह, कुठली मारामारी, कुठला धाक साधला? माझ्या मनात प्रथम आलेली खेळी चांगली आहे. मग दुसरी कोणती आहे? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मोहऱ्याला हात लावायचा नाही. आपल्यासारख्यांचे निम्मे पराभव पहिल्याच प्रश्नाच्या अभावी होतात.

डाव हरल्यावर दुसरा सुरू करायचा नाही. हे सर्वांत कठीण, आणि सर्वांत फलदायी. हरलेला डाव आधी संगणकाच्या मदतीवाचून पुन्हा मांडावा. कुठे काय वाटले होते ते दोन ओळींत लिहावे. आणि मगच संगणकाला विचारावे. संगणक चूक दाखवितो, चुकीचे कारण दाखवीत नाही. ते कारण आपल्या दोन ओळींतच सापडते: इथे घाई झाली, इथे धास्ती वाटली, इथे समोरच्याला कमी लेखले. चार आठवड्यांच्या टिपणांतून आपल्या पराभवांची शैली आपल्यालाच कळू लागते.

आरंभाच्या चालींचे पाठांतर कमी करून डावाच्या शेवटाकडे वळावे. राजा, हत्ती आणि एखादे प्यादे उरलेल्या स्थितींत लुसेनाची जिंकण्याची रीत आणि फिलिडोरची बरोबरी राखण्याची रीत, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या तरी कितीतरी अर्धे गुण पदरात पडतात. शिवाय अशा उजाड पटावर चमकदार घाव नसतो. एकेक घर मोजावे लागते. विलंबिताचा रियाज तो हाच.

आणि एका मिनिटाचे डाव? ते अजिबात सोडा, असे मी म्हणणार नाही. रोजच्या जेवणात लोणचे असावे तेवढे ते असावेत. पोट लोणच्याने भरू नये.

राहता राहिला स्वतः नाकामुरा. त्याला सल्ला देण्याचा अधिकार मला नाही; पण रसिकाला अपेक्षा बाळगता येते. त्याच्या उत्तरकाळातील डावांत न हरण्याची कला पुरेपूर आली आहे. कधी कधी वाटते, ती थोडी जास्तच आली आहे. वजीर उधळून राजाला भर पटावर हाकलणारा तो तरुण आणि हा भक्कम, सावध प्रौढ यांची अजून पुरती गाठ पडलेली नाही. डाव ऐन टोकाला पोचलेला असताना पहिली सुचलेली चांगली खेळी बाजूला ठेवून आणखी पाच मिनिटे बसणे, आणि ती पाच मिनिटे भीतीने नव्हे तर कुतूहलाने बसणे, हे जेव्हा साधेल, तेव्हा ही गाठ पडेल. झुरिकला उणे पडले ते धैर्य नव्हते, माद्रिदला उणे पडली ती बुद्धी नव्हती. दोन्हीकडे उणे पडला तो ठहराव.

आमच्या स्नेह्यांना मी हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प राहिले आणि मग खिशातून फोन काढून म्हणाले, "तो बार्सिलोनाचा डाव म्हणता तो दाखवा बघू यात." आम्ही दोघांनी तो डाव खेळी-खेळीने पाहिला. वजीर प्याद्यावर पडला तिथे ते थांबले. पुढची खेळी मला दाबू दिली नाही. चांगली दहा मिनिटे त्या छोट्याशा पडद्याकडे बघत राहिले आणि मग स्वतःशीच पुटपुटले, "परतायला वाट नाही त्याला."

पडदा तोच होता. बघणारा सावकाश बघत होता, एवढाच फरक.